तनुजाच्या नावानं मी दिलेली उत्तरं

विशू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन मांजरीत आले तवा तो अकरा वर्षांचा होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्याच दिवशी म्हणल्या, "ह्याला भाऊजी म्हणायचं. नावानं हाक मारायची न्हाय." मंग मी त्या हाफचड्डीतल्या पोराला भाऊजी अन् तुम्ही म्हणायला लागले. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, तुमचं दप्तर उचला." त्याला लई हसू यायचं. म्हणायचा, "वहिनी, एवढ्या मानानं कुणी नाक पुसायला सांगतं व्हय?" तोंडानं भाऊजी म्हणलं तरी मनात तो माझा विशूच होता, म्हणून इथं विशूच लिहिते. पुरं नाव विश्वजीत. तेहतीस वर्षांचा होऊन गेला.

आमच्या शाइस्ता मॅडम दवाखान्यात आजारी माणसाच्या घरच्यांची बैठक घेतात, महिन्यातनं एकदा. तिथं प्रत्येकानं आपल्या माणसाबद्दल लिहून आणायचं असतं अन् वाचायचं असतं. मी तीनदा टाळलं. कारण विशूबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल पण लिहावं लागतं, अन् ते लिहिण्यासारखं नाय.

आधी त्याचं चांगलं सांगते. आमची निम्मी जमीन बिल्डरला गेली, तिथं आता बारा मजल्यांच्या बिल्डिंगी हायत. राहिलेल्या तुकड्यात विशूनं शेडनेट मारलं अन् उसाची रोपं करायला घेतली. उसाच्या कांडीचा एक एक डोळा कापायचा, औषधाच्या पाण्यात बुडवायचा, ट्रेमधी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून लावायचा. महिन्यात हिरवीगार रोपं. प्रत्येक ट्रेवर मार्कर पेननं तारीख घालायचा अन् शेतकऱ्याचं नाव. दौंडपासनं माणसं यायची. कुणी घाई केली, पंचवीस दिवसांचं रोप मागितलं, तर द्यायचाच नाय. एकदा एक म्हातारे टेम्पो घेऊन दारात उभे. म्हणले, "अरे दे की, हिरवी तर दिसत्यात."

विशू म्हणला, "बाबा, तुमची नात पण हिरवी दिसती. लावून देताय का तिचं लगीन?"

म्हातारे आधी भडकले, मंग हसले, अन् रिकामा टेम्पो घेऊन गेले. आठ दिवसांनी परत आले. असा होता तो.

पण त्याच्या आधी मोठं दुखणं होऊन गेलं होतं. तेविसाव्या वर्षी. बिल्डिंगी उभ्या राहिल्या तवाच. म्हणायला लागला, सातव्या मजल्यावरची बाई गॅलरीत येऊन माझं नाव घेती. मला शिव्या देती. आम्ही वर बघायचो तर तिथं माणूसच राहायला आलेलं नव्हतं. जेवण सोडलं, कानात कापूस घालून बसायचा. तीन महिने आम्ही अंगारे-धुपारे केले, ते पण लिहिते, लपवून काय करू. मंग पेठेतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गोळ्या चालू झाल्या. सहा महिन्यांनी एक दिवस चपाती खाता खाता म्हणला, "वहिनी, सातव्या मजल्यावरच्या बाईनं माझा नाद सोडला." मी चुलीपुढं बसून रडले.

त्याला दवाखान्यात दर महिन्याला मीच न्यायची. आमच्या ह्यांना, म्हणजे विशूच्या थोरल्या भावाला, दवाखान्याची लाइन सहन होत नाय. केसपेपरवर फोन नंबर माझा. डॉक्टरांच्या खोलीत त्याच्याबरोबर मी. "झोप लागते का?" डॉक्टर त्याला विचारायचे अन् उत्तर मी द्यायची. "लागती साहेब." विशू माझ्याकडं बघून हसायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "वहिनी, झोपतो मी, पण कळतं तुम्हाला." मंग आम्ही चालत बुधवार पेठेत जायचो. त्याला शेडमधी पाणी फवारणाऱ्या फॉगरचा टायमर नाय तर वायर घ्यायची असायची. चार दुकानं फिरून पहिल्याच दुकानात घ्यायचा.

अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न केलं. तनुजा उरुळीची, बीए झालेली. तिच्या घरच्यांना दुखणं सांगितलं का, तर अर्धं सांगितलं. झोपेची गोळी चालू हाय म्हणलं. लग्नाच्या आठव्या दिवशी विशूनंच तिला सगळं सांगून टाकलं. सातव्या मजल्याचं, कापसाचं, सगळं. मला वाटलं गेली आता ही माहेरी. ती सकाळी माझ्याकडं आली अन् म्हणली, "ताई, गोळ्यांचा डबा माझ्याकडं द्या. आजपासून मी देत जाईन." अन् दिल्या. एक दिवस चुकली नाय. शेडमधी पण त्याच्याबरोबर बसून डोळे कापायची. दोघं बोलायची कमी, पण एकाच बादलीत हात घालून बसायची.

चार वर्षं झाली, लेकरू नाय. आत्याबाईंनी तनुजाला सोमवार धरायला लावले. दोन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. तिचे रिपोर्ट सगळे चांगले आले. तर आत्याबाई म्हणल्या, "रिपोटात दिसत न्हाय म्हंजी आतली खोट हाय." विशूला तपासायचं कुणाच्या तोंडातनं निघालं नाय. त्याच्या डोक्याला आधीच ताप, असं म्हणायचे सगळे. मी पण म्हणायची.

एकदा आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी हळूच विचारलं, "काय गं, तुमचं नीट हाय ना?"

तनुजा खाली बघून म्हणली, "त्यांना मी आवडत नसेन, ताई."

"गप ए येडे," मी म्हणलं. "तू माहेरी गेली की तो दोनदा जेवायला बसतो अन् दोनदा उठतो."

ती देठं तोडत राहिली. मला तिथंच कळायला पायजे होतं.

मंग डिसेंबरात फोन आला. "मी शाइस्ता बोलतेय, दवाखान्यातनं. आमच्या विभागात एक अभ्यास चालू आहे. मनाच्या आजारावर औषध घेणारी माणसं अन् त्यांचे जोडीदार, त्यांचा संसार कसा चाललाय, घरचे कसे सांभाळतात, असा. विश्वजीत भाऊ परवा एकटेच येऊन बोलून गेले, तयार आहेत. आता त्यांच्या मिसेसना गुरुवारी पाठवाल का? एकट्याच येऊ द्या."

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या दळण निवडत होत्या. हात थांबला.

"काय इचारत्यात?"

"नवरा-बायकोचं."

"तनुजाला धाडू नको. ती पोरगी तिथं रडंल, घरातलं सगळं बाहेर काढंल. कोण तरी शिकवंल तिला काय तरी. उद्या सोडून गेली तर ह्याला कोण बघंल? तू हायस का जल्मभर?"

"मंग नाय म्हणून सांगते."

"नाय म्हणलं तर घरी येत्याल. तूच जा. कागुदच भरायचाय ना. तुझं तोंड कोण वळखतंय तिथं."

डॉक्टर ओळखत होते मला, पण ही शाइस्ता नवीन होती, दुसऱ्या खोलीत बसायची. आत्याबाईंवर मी सगळं ढकलणार नाय. त्या म्हणल्या, पण गेले मी माझ्या पायानं. मला पण वाटत होतं की तनुजा टिकली पायजे, नाय तर विशू परत माझ्या एकटीच्या गळ्यात. हे खरं हाय. घरी सांगितलं, दगडूशेठला जाते अन् मिक्सरचं भांडं बदलून आणते.

शाइस्ता पंचविशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र. खोलीचं दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढं केला.

"तुम्ही तनुजाताई ना?"

"हो."

"दमलेल्या दिसताय."

"बसनं आले."

तिनं कागद काढला. म्हणली, "मी विचारीन, तुम्ही सांगायचं, कधीच नाही, कधी कधी, का नेहमी. तुम्हाला असं वाटतं का, की आजारी माणसामुळे स्वतःसाठी वेळच उरत नाही?"

"असं विचारतं व्हय कुणी?"

"आम्ही विचारतो."

"मंग नेहमी लिवा."

"राग येतो का त्यांचा?"

"कधी कधी."

"राग आला की काय करता?"

"भांडी घासते."

"आणि भांडी आधीच घासलेली असली तर?"

"परत घासते."

ती हसली. मी पण हसले अन् हसता हसता मला रडायलाच आलं. बावीस वर्षं ह्या घरात झाली, तू कशी सांभाळतेस असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी भडाभडा बोलले. त्या कापसाचं, रात्र रात्र दाराला पाठ लावून बसल्याचं, लग्नकार्यात लोक विचारतात तवा खोटं बोलल्याचं. ते सगळं खरं होतं. पण माझं होतं. ती तनुजाच्या नावाखाली लिहून घेत होती. मला थांबवता आलं असतं. मला बोलून बरं वाटत होतं म्हणून थांबले नाय.

मंग तिनं पान उलटलं. "आता थोडे खासगी प्रश्न आहेत. नको वाटलं तर नको म्हणा, मी पुढं जाईन. कसलीच जबरदस्ती नाही."

तिनं मला वाट करून दिली होती. पण मला वाटलं, नको म्हणलं तर हिला शंका येईल. मी म्हणलं, "विचारा."

"तुमच्या दोघांमधे शरीरसंबंध आहेत?"

माझे कान तापले. ज्याचं नाक पुसलं त्याच्याबद्दल हे विचारत होती. मी टेबलाकडं बघत म्हणलं, "हायत."

"साधारण किती दिवसांनी?"

ह्याचा मी विचारच करून गेले नव्हते. तोंडात जे होतं ते आलं. "आठ-पंधरा दिवसांनी."

"त्यात त्यांना काही अडचण येते?"

"नाय."

"तुम्हाला समाधान वाटतं?"

मी ग्लासातलं पाणी प्याले. मंग म्हणलं, "चालतंय."

ते माझ्या खोलीतलं होतं. माझं अन् ह्यांचं. विशूच्या बायकोच्या कागदावर मी माझा संसार भरून आले. खाली सही करा अन् फोन नंबर घाला म्हणली. मी तनुजा असं लिहिलं, अन् घरात सगळ्यांना हाच नंबर म्हणून माझाच घातला. शाइस्ता म्हणली, "छान बोललात ताई, धन्यवाद." घरी येताना मिक्सरचं भांडं बदलून घ्यायला पण विसरले. आत्याबाईंनी विचारलं, "झालं?" मी म्हणलं, "झालं."

पंधरा दिवसांनी शाइस्ताचा परत फोन. मी शेडच्या बाहेर कपडे वाळत घालत होते, आत तनुजा अन् विशू ट्रे भरत होते. ती काय बोलली ते मला आठवतंय तेवढं लिहिते. विशूनं तिला त्याच्या वेळी सगळं सांगितलं होतं. गोळी चालू झाल्यापासनं त्याला ते जमत नव्हतं. इच्छाच होत नाय, अन् झाली तरी जमत नाय, असं. ती म्हणली, हे त्या गोळीनं लई जणांना होतं, ह्यात लाजण्यासारखं काय नाय, डॉक्टर गोळी बदलून बघतील नाय तर कमी-जास्त करतील, फक्त तुम्ही दोघं एकदा एकत्र या. अन् म्हणली, भाऊंनीच मला तुमच्याशी बोलायला सांगितलंय, त्यांना स्वतःला तुमच्यापुढं बोलता येत नाय. तुम्ही त्यांना आवडत नाय असं तुम्हाला वाटू नये, एवढंच ते परत परत म्हणत होते. अन् फॉर्ममधी तुम्ही सगळं ठीक लिहिलंय ते त्यांची लाज राखायला लिहिलंय, मला कळतं.

असा निरोप होता. नवऱ्यानं बायकोला धाडलेला. दहा पावलांवर बायको बसली होती, कोकोपीटनं हात भरलेले. अन् निरोप माझ्या कानात.

मी म्हणलं, "बरं बरं, येऊ," अन् फोन कट केला.

तो निरोप दिला तर तनुजा विचारणार, तुम्हाला कसं कळलं. मंग सगळंच सांगावं लागणार. तिच्या नावानं बसले ते, सही केली ते, आठ-पंधरा दिवस ते. मी दिला नाय. शाइस्ताचे आणखी दोन फोन आले. एकदा म्हणलं गावाला आलोय, एकदा म्हणलं पाहुणे हायत.

पुढच्या महिन्यात विशूला घेऊन डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी कागद वाचला, त्याच्याकडं बघितलं अन् विचारलं, "आणखी काही बोलायचंय?" विशूनं माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीत. मला माहिती होतं त्याला काय बोलायचं हाय. पाणी पिऊन येते म्हणून उठले असते तरी झालं असतं. मी पदर सावरला अन् तिथंच बसले. विशू म्हणला, "नाही साहेब." बाहेर चाळीस माणसं लाइनीत. आम्ही उठलो.

मंग त्यानं त्याच्या मनानं गोळी बंद केली. आम्हाला कळलं नाय. तनुजा हातावर द्यायची, तो तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, अन् शेडमधी जाऊन थुंकायचा. ते सगळं नंतर सापडलं. कोपऱ्यातल्या एका ट्रेमधी, ज्यात रोप नव्हतं, एकेका खड्ड्यात एकेक गोळी पुरलेली. ट्रेवर मार्करनं तारीख घातलेली, फेब्रुवारीची.

फेब्रुवारी अन् मार्च आमच्या घरात लई चांगले गेले. तनुजा गाणं गुणगुणायची. हिरव्या बांगड्या भरून आली. विशू तिला चिडवायचा, ती लाजायची. मी बघत होते अन् मनात म्हणत होते, बघ, झालं ना आपोआप, कशाला पायजे होता डॉक्टर, कशाला निरोप. मला सुटल्यासारखं झालं. ते दोन महिने मला आठवले की अजून माझी मला किळस येते, कारण मी खूश होते.

एप्रिलच्या शेवटी तो एक दिवस वर बघून थांबला. तनुजानं विचारलं काय बघताय, तर म्हणला काय नाय. आठ दिवसांत जेवण कमी झालं. आम्ही दवाखान्याची तारीख सोमवारची धरली होती. पण त्याच्या आधीच्या शनिवारी, भर दुपारी, शेडमधनं उठून चालत गेला सोलापूर रोडला. बघणारे म्हणले, दोन्ही हात कानावर ठेवून रस्त्याच्या मधनं चालला होता. टेम्पोवाल्यानं लई ब्रेक दाबला म्हणे.

दहाव्याला माणसं भरपूर. पंगत बसलेली. आत्याबाई मधीच मोठ्यानं म्हणल्या, "पोरगं गेलं, अन् मागं एक लेकरू ठेवलं न्हाय हिनं. नवऱ्याचं मन धरता आलं न्हाय हिला." तनुजा पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. मी भजी वाढत होते. वाढत राहिले. चौदाव्या दिवशी तिचा भाऊ माधव येऊन तिला उरुळीला घेऊन गेला.

जूनमधी माझा फोन वाजला. "तनुजाताई, शाइस्ता बोलतेय. सहा महिने झाले ना, ते प्रश्न पुन्हा एकदा विचारायचे होते. तुम्ही दोघं कसे आहात?"

मी म्हणलं, "विशू गेला." ती रडवेल्या आवाजात म्हणली, "आणि तुम्ही? तुम्ही कशा आहात ताई?" मला आणखी खोटं बोलता आलं नाय. मी म्हणलं, "मी तनुजा नाय."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेले. सगळं सांगितलं. तिनं मला मधी एकदा पण अडवलं नाय. शेवटी म्हणली, "मला तुमच्यावर ओरडावंसं वाटतंय ताई. तुम्ही नको म्हणाला असतात तरी चाललं असतं. त्यासाठीच विचारलं होतं मी."

"ओरडा," मी म्हणलं.

"ओरडून काय होणार? तो फॉर्म मी बाद करते. पण मी पण चुकले, ओळखपत्र बघायला हवं होतं तुमचं. ते मी साहेबांना सांगणार आहे." मंग म्हणली, "भाऊंचं ते बोलणं तनुजाताईंसाठी होतं. ते त्यांना मिळालंच पाहिजे. आठ दिवसांत तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी जाईन."

मी आठव्या दिवशी गेले. सात दिवस रोज साडी नेसायची अन् परत सोडायची.

उरुळीला तनुजा दारातच बसली होती, शेंगा फोडत. "या ताई," म्हणली. पाणी दिलं. तिच्या आईला आत पाठवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बसले असते तर उठता आलं नसतं. तिच्या नावानं बसले, सही केली, काय उत्तरं दिली, निरोप आला, अन् तो मी दिला नाय.

ती माझ्याकडं बघत राहिली. रडली नाय. म्हणली, "परत सांगा. ते काय म्हणले?"

"तू आवडत नाय असं तुला वाटू नये, म्हणला."

"असंच म्हणले? ह्याच शब्दांत?"

"शाइस्तानं सांगितलं तसं."

"तिनं काय शब्द सांगितले? माझं नाव घेतलं का त्यांनी? तनू म्हणले का तनुजा?"

मला आठवेना. मी फोन कट करायच्या घाईत होते. माझं ध्यान तेव्हा शेडकडं होतं, की ही ऐकती का काय. मी म्हणलं, "मला धड आठवत नाय गं."

तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली. "पाच वर्षं, ताई. पाच वर्षं मी रोज आरशात बघायची की माझ्यात काय वाईट आहे. तुम्ही मेथी निवडताना विचारलं होतंत ना? तेव्हा मला तुम्ही आईसारख्या वाटला होतात."

मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. "ते नको. तुमची शाइस्ता मॅडम, तिचा नंबर द्या. अन् एक करा. दहाव्याला जेवढी माणसं होती, तेवढ्यांच्या समोर हे सांगा. आत्याबाईंच्या तोंडावर. मला कानात येऊन सांगितलेलं नको."

तेवढी माणसं परत जमणार ती वर्षश्राद्धाला. तोवर मला दहा महिने मिळाले. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. शाइस्तानंच मला घरच्यांच्या बैठकीला बोलावलं, तिथं मी मागं बसून ऐकायची. विशूनं तिला नेमकं काय सांगितलं ते तनुजाला तिच्याकडनं कळलं असंल. मी दोघींना विचारलं नाय. ते माझं नाय.

मे महिन्यात वर्षश्राद्ध झालं. शेडमधीच पंगत. तनुजा आली नाय, तिचा भाऊ माधव आला होता. मी भाताचं पातेलं घेऊन उभी. अर्धी पंगत वाढून झाली अन् मी पातेलं खाली ठेवलं.

"माझं जरा ऐका," मी म्हणलं.

आत्याबाई बोलल्या, "वाढ आधी. आज दिवस कुठला अन् ही बघा."

"आजचाच हाय, आत्याबाई." आवाज माझा माझ्याच कानाला परका वाटत होता. "विशूला गोळीचा त्रास होता. नवरा-बायकोतला. म्हणून लेकरू नव्हतं. तनुजात काय कमी नव्हतं. डॉक्टर औषध बदलून देणार होते. विशूनं तिला तसा निरोप धाडला होता, तो माझ्याकडं आला अन् मी दाबला. ती काय बोलंल ह्या भीतीनं तिच्याऐवजी मी दवाखान्यात जाऊन बसले होते. तनुजा हाय म्हणून."

अनंतमामा, आत्याबाईंचे भाऊ, घास तसाच धरून म्हणले, "सूनबाई, हे पंगतीत बोलायचं असतं का?"

"दहाव्याला आत्याबाई पंगतीतच बोलल्या होत्या ना मामा. तवा तुम्ही काय म्हणला नाय."

कुणी वर बघेना. पोरं मोबाइलात बघायला लागली. मंग आमचे हे, पंगतीच्या टोकाला बसलेले, हळू आवाजात बोलले. वर्षभरात विशूचं नाव न घेतलेला माणूस. "तू तनुजा म्हणून बसलीस. मंग त्यांनी विचारल्यावर सांगितलंस काय?"

मला सांगायचंच होतं. "आपलं सांगितलं," मी म्हणलं.

त्यांचा हात ताटातच राहिला. मागनं कोण तरी बाई म्हणली, "भात वाढा गं, वरण गार व्हतंय." मी पातेलं उचललं अन् वाढायला लागले. आत्याबाईंच्या ताटात पण वाढला. त्यांनी हात लावला नाय, पण उठल्या पण नायत.

त्या दिवसापासनं हे बाहेरच्या खोलीत झोपतात. बोलतात, जेवतात, माझ्यावर ओरडत नायत. मला त्यांच्याकडं काय मागायचा हक्क हाय असं वाटत नाय. तुम्हा बैठकीतल्या बायकांना एकच सांगते, ज्याला बोलावलंय त्यालाच पाठवा. अन् डॉक्टरांच्या खोलीत आपलं माणूस आपल्याकडं बघायला लागलं तर उठून बाहेर जा.

त्या दिवशी माणसं गेल्यावर मी तनुजाला फोन केला होता. म्हणलं, "बोलले."

"माधव म्हणाला मला." मंग विचारलं, "आत्याबाई?"

"समोरच होत्या."

"काय म्हणल्या?"

"काय नाय. जेवल्या नायत."

मागं तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली. "ताई," ती म्हणली, "यापुढं मला फोन करू नका. मला बोलावंसं वाटलं तर मी करीन."

मी बरं म्हणलं. अजून आलेला नाय तिचा.